सोळा पाकिटं

पुणे
१९ जून २०२३

प्रिय उषामावशी,

जय भीम. फोनवर बोलायचं तर तुझ्या घरात फोन चारचौघांत वाजतो, आणि मला जे सांगायचंय ते तुला पुन्हा काढून वाचता यावं, म्हणून कागदावर लिहिते आहे. दर आठवड्याला भोकरदनहून आमच्या संस्थेची गाडी तुमच्या बोरखेडीला येणार आहे. उत्तर ड्रायव्हरकडे दे, मला पोचेल.

आमच्या लाडवाच्या अभ्यासाला मंजुरी मिळाली. सहा गावं घेतली आहेत. प्रत्येक गावात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातल्या सोळा गरोदर बाया. सरकारी गोळ्या सगळ्यांनाच मिळतील. त्यातल्या आठ जणींना वर रोजचा एक लाडू, शेंगदाणे, गूळ, तीळ आणि अळीव घातलेला. आठवड्याचे सात लाडू एकदम घरी न्यायचे. बाकीच्या आठ जणींना लाडू नाही. बाळं जन्मली की वजनं करायची. लाडवाच्या बाजूची बाळं वजनदार निघाली, तर पुढच्या वर्षी तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर बाईला लाडू मिळेल. नाही निघाली, तर योजना तिथंच थांबेल.

तुझं गाव मीच सुचवलं. तू माझी मावशी आहेस हे या अभ्यासाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांना माहीत आहे, आणि त्यांची हरकत नाही. तुझ्याकडे सोळा बंद पाकिटं येतील, नंबर घातलेली. वहीत जिचा जो नंबर, तिचं ते पाकीट. आत 'लाडू' किंवा 'नाही' अशी चिठ्ठी असेल. कोणत्या नंबरात काय आहे याची यादी सरांच्या कपाटात आहे, शेवटपर्यंत मलाही दिसणार नाही. अंगणवाडीत सगळ्यांसमोर पाकिटं उघडायची आणि निघेल तसं द्यायचं. एवढंच काम.

काकांना नमस्कार.

तुझी
अक्षता


बोरखेडी
२ जुलै २०२३

चि. अक्षतास मावशीचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि एकदा तुझ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणले, पोरगी मोठ्या कामाला लागली. माझ्या कामाची फिकर करू नको. आशाचं काम करायला मला चौदा वर्षं झाली. गावात कोणत्या बाईला कितवा महिना आहे हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं.

पण एक गोष्ट मनात आली ती लिहून राह्यले. तू सोळा बाया म्हणतीस. बाया म्हणजे काय भट्टीतल्या विटा आहेत का? माझ्या वहीत द्वारका आहे. तू इथून गेल्यावर लग्न होऊन आलेली, तू तिला बघितलेलं न्हाई. मागच्या साली ऊसतोडीवर गेल्ती, तिथंच सहाव्या महिन्यात तिचं पोट मोकळं झालं. आता पुन्हा तिसरा लागलाय. वजन चाळीस किलो. नवरा दसऱ्यानंतर टोळीसंगं जाईल, ही मागं राहून लोकांच्या वावरात कापूस वेचील. आणि त्याच वहीत अर्पिता आहे, नंदाबाईची सून, हरिओमची बायको. पंधरा एकर बागायत, मोसंबीचा बाग, दारात दोन म्हशी. गोरीपान, तोंड कसं भरलेलं. तुझी चिठ्ठी अर्पिताला लाडू देणार आणि द्वारकाला न्हाई देणार, असं झालं तर? अर्पिताचं बाळ तसंही तीन किलोचं होईल. त्यात लाडवानं काय केलं हे तुला कसं कळणार?

पोरं कबड्डीचे गडी वाटतात तसं कर ना. सारख्या ताकदीचे दोघं बाजूला जातात, कानात नावं ठरवतात, आणि येऊन इचारतात, चांद घेता का सूरज. ज्याच्या वाट्याला जो आला तो आला. पण दोघं बराबरीचे, म्हणून कुणावर अन्याव न्हाई. तसं आधी बायांचं वजन घ्या, रक्त तपासा, सारख्या सारख्या दोघींची जोडी लावा आणि मंग त्या दोघींत चिठ्ठी टाका. द्वारकासमोर द्वारकासारखीच पाहिजे.

मी दहावी शिकलेली बाई. मनात आलं ते लिहिलं. तब्येतीला जप.

मावशी


पुणे
११ जुलै २०२३

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. कबड्डीचं ऐकून ते हसले, पण वाईट अर्थानं नाही. म्हणाले, "तुझ्या मावशीनं आमचं पुस्तक न वाचता लिहिलंय." तू सांगतेस तशी पद्धत खरंच आहे. माणसं वेगवेगळी असतात, म्हणून आधी सारख्यांचे गट किंवा जोड्या पाडायच्या आणि गटाच्या आत चिठ्ठ्या टाकायच्या.

पण त्यासाठी आधी शहाण्णव बायांचं रक्त नीट तपासावं लागेल. बायांच्या तपासणी-कार्डावरचे आकडे निम्मे अंदाजानं भरलेले असतात, ते चालणार नाहीत. तपासणीत दीड-दोन महिने जातील, तोवर बायांचे महिने पुढे सरकतील आणि मंजुरीची मुदत संपेल. सरांचं म्हणणं असं की चिठ्ठी आंधळी असली तरी शहाण्णव जणींत अशक्त आणि सशक्त दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातातच. मलाही ते पटलं. हिशोबाचा भाग माझ्याकडे आहे आणि मी त्यावर सही केली आहे.

तेव्हा जोड्या नाहीत. एक मात्र हात जोडून सांगते. कुणाची कितीही दया आली तरी पाकीट बदलायचं नाही. समज, तू अशक्त बाया शोधून लाडवाच्या बाजूला घातल्या. त्यांची बाळं मुळातच लहान होणार. मग कागदावर असं दिसेल की लाडू खाऊन बाळं लहान झाली. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांचाच लाडू बंद होईल.

तुझी
अक्षता


बोरखेडी
६ ऑगस्ट २०२३

चि. अक्षतास,

काल अंगणवाडीत पाकिटं उघडली. सोळाच्या सोळा बाया आल्या. मी एकेकीचं नाव घेतलं, पाकीट तिच्या हातात दिलं, तिनंच फाडलं. सगळं तू सांगितल्याप्रमाणं झालं.

द्वारकाला लाडू निघाला. तिला वाचता येत न्हाई, तिनं चिठ्ठी माझ्याकडं दिली. मी म्हणलं, "लाडू हाय तुला." तिनं चिठ्ठी परत घेतली आणि घडी घालून कमरेला खोचली. ज्यांना लागत होता त्या बहुतेक जणींना निघाला बघ. चिठ्ठी आंधळी म्हणतीस, पण तिलाही डोळे असतील.

अर्पिताला न्हाई निघाला. नंदाबाई संगं आल्ती. ती म्हणली, "आमच्या घरात काय कमी हाय?" आणि सुनेला घेऊन गेली. यंदा धोंड्याचा महिना आला, त्यामागं श्रावण. नंदाबाईच्या घरी दोन्ही महिने उपास-पोथ्या चालू राहतील. दारात माणसांची रीघ असते. त्यांना खरंच काय कमी आहे?

गाडीवाला जल्दी करून राह्यलाय, म्हणून आवरते.

मावशी


पुणे
१८ ऑगस्ट २०२३

प्रिय मावशी,

किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. द्वारकाचं नाव वाचल्यापासून माझ्याही मनात ती बसली होती. तिला चिठ्ठी निघाली, आणि कुणी हात न लावता निघाली, हे फार बरं झालं. इतर गावांतूनही पाकिटं उघडल्याचे निरोप आले. कुठंच तक्रार नाही.

तुझी वही सगळ्यांत नीट आहे असं सर म्हणाले.

अक्षता


बोरखेडी
१५ ऑक्टोबर २०२३

चि. अक्षतास,

लाडू बराबर वेळेवर येऊन राह्यले. द्वारकाचं वजन साडेतीन किलोनं वाढलं. गालावर थोडं मांस आलं. परवा मला म्हणली, "ताई, आता पोटात लाथ मारतंय, मागच्या टायमाला एवढी लाथ न्हवती." तुला हे सांगायचं म्हणूनच पत्र लिहायला बसले.

दुसरी एक गंमत. अर्पिता मागच्या मंगळवारी एकटीच अंगणवाडीत आल्ती, पोरीला सोडायच्या निमित्तानं. माझ्याजवळ बसली. इकडचं तिकडचं बोलली आणि मंग हळूच म्हणली, "आशाताई, एखादा लाडू उरतो का हो कधी?" मला हसू आलं. म्हणलं, "तुमच्या घरी तुपाचे डबे, आणि तुम्हाला आमचा शेंगदाण्याचा लाडू कशाला?" ती म्हणली, "असंच. चव बघायची होती." मी म्हणलं, "तुमच्या चिठ्ठीत न्हाई निघाला. नियम आहे, मला देता येत न्हाई." ती बरं म्हणली आणि उठली. उठताना भिंतीला हात लावून उठली. मोठ्या घरच्या बायांना डोहाळेही वेगळेच.

तिचं रक्त कुठं तपासलं म्हणून नंदाबाईला इचारलं तर म्हणली, "नवीन जालन्याच्या डॉक्टरकडं, अकरा भरलं." कागद काही दाखवला न्हाई. मी वहीत अकरा लिहिलं.

मावशी


पुणे
२ नोव्हेंबर २०२३

प्रिय मावशी,

अर्पिताला नाही म्हणालीस ते अगदी योग्य केलंस. एकीला चव दिली की उद्या सगळ्या मागतील आणि दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतील. तुझ्यासारखं नियम पाळणारं माणूस प्रत्येक गावात मिळालं असतं तर आमचं काम किती सोपं झालं असतं.

दिवाळीला येता येणार नाही. आकडे भरायचे आहेत.

अक्षता


बोरखेडी
२३ जानेवारी २०२४

चि. अक्षता,

शुक्रवारी अर्पिता गेली.

सकाळी आठ वाजता कळा सुरू झाल्या. हरिओमनं स्वतःच्या गाडीतून जालन्याला नेलं, मी संगं होते. मुलगी झाली, दोन किलो शंभर. मंग रक्त थांबेना. डॉक्टर धावत होते, रक्ताच्या पिशव्या आणल्या, हरिओमनं स्वतःचं दिलं. अडीच वाजता त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेऊन इचारलं, "तुम्ही आशा ना? हिच्या अंगात रक्तच न्हवतं. पाच होतं. पायावर, तोंडावर सूज होती. तुम्हाला दिसली न्हाई का?"

मला ती भरलेली वाटली होती. गोरी वाटली होती.

बाकी लिहवत न्हाई. द्वारकाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

उषा मावशी


पुणे
३० जानेवारी २०२४

मावशी,

पत्र वाचून सुन्न झाले. पण आकडाच जर अकरा सांगितला गेला, तर तू काय करणार होतीस? असल्या गोष्टी आपल्या हातात नसतात. तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

तिचं नाव वहीतून खोडू नको. बाळाचं वजन लिही आणि पुढच्या रकान्यात 'माता मृत' असं लिही. माफ कर, हे असं लिहावं लागतं.

अक्षता


पुणे
२७ एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

तीन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. द्वारकाला मुलगा झाल्याचं आणि त्याचं वजन दोन सहाशे असल्याचं कळलं, तेही गाडीवाल्यानं आणलेल्या वहीतून.

निकाल लागला. लाडवाच्या बाजूची बाळं दुसऱ्या बाजूपेक्षा सरासरी ऐंशी ग्रॅमनं हलकी भरली. देणगी देणाऱ्यांची बैठक झाली. लाडवाचा उपयोग नाही असं ठरलं आणि योजना बंद झाली.

बैठकीनंतर सरांनी कपाटातली यादी मला दिली, फाइलला लावायला. मी सहज तिच्याशी गावांच्या वह्या ताडून पाहिल्या. मावशी, बोरखेडीत सहा नंबर जुळत नाहीत. यादीत सात नंबरला 'लाडू' आहे, तुझ्या वहीत सात नंबरला 'नाही'. यादीत अकरा नंबरला 'नाही' आहे, तुझ्या वहीत 'लाडू'. अकरा नंबर द्वारका आहे. सात नंबर कोण ते तुला माहीत आहे.

मला अजून कुणी विचारलेलं नाही. त्याआधी मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

अक्षता


बोरखेडी
५ मे २०२४

चि. अक्षता,

तू इचारशील हे मला जानेवारीपासून माहीत होतं. इचारलंस, बरं झालं.

पाकिटं आली त्या दुपारी घरात कुणी न्हवतं. मी चहाच्या भांड्याची वाफ लावून सगळी उघडली. सोळा चिठ्ठ्या चटईवर मांडल्या आणि समोर वही घेतली. सगळंच काही वाईट पडलं न्हवतं. पण तिघी अशा होत्या की त्यांना 'नाही' निघालं हे मला बघवेना. द्वारका, आणि वरच्या वस्तीवरच्या दोघी. आणि तिघी अशा की ज्यांच्या घरी सगळं आहे. मी त्या सहा चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि कणकेच्या खळीनं पाकिटं पुन्हा चिकटवली. अर्ध्या तासाचं काम. मला त्या दिवशी पुण्य केल्यासारखं वाटलं. तू हात जोडून सांगितलं होतंस ते पत्र माझ्या उशाखालीच होतं. मी म्हणलं, अक्षताला पुण्यात बसून काय दिसतं, मला समोर दिसतंय.

आणखी एक. द्वारका आपल्या गल्लीतली आहे, भिवाची सून. हे मी तुला मुद्दाम लिहिलं न्हवतं. गावाला कळलं तर लोक म्हणतील, उषाबाईनं नंदाबाईच्या सुनेचं काढून आपल्या माणसाला दिलं. मी तशा मनानं केलं न्हवतं, असं मी स्वतःला सांगत राह्यले. पण आता मलाच माझी खात्री न्हाई.

अर्पिताचं नंतर कळलं. तिच्या आईनं दहाव्याला मला धरून सांगितलं. पहिली मुलगी होती म्हणून नंदाबाईनं या टायमाला मुलासाठी सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळे उपास धरायला लावले होते. वरून दोन श्रावण आले. जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, म्हणून एरवीही अर्धीच भाकर. डॉक्टरकडं तिसऱ्या महिन्यात एकदाच नेलं होतं. तेव्हाच रक्त आठ निघालं होतं, तो कागद घरात दडवला. लोक काय म्हणतील, बागाइतदाराची सून आणि रक्त कमी.

अक्षता, ती भुकेली होती. माझ्याजवळ बसून तिनं एक लाडू मागितला. तो लाडू तिचाच होता. मी तिला नियम सांगितला.

तू शिकलेली आहेस, आकड्यांची तज्ज्ञ आहेस. मला एकच सांग, खोटं बोलू नको. तिची चिठ्ठी तिच्याकडं राहू दिली असती तर अर्पिता वाचली असती का?

मावशी


पुणे
१४ मे २०२४

प्रिय मावशी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नऊ दिवस शोधलं. मला माहीत नाही. हे टाळायचं म्हणून लिहीत नाही. आमच्या विद्येला शंभर बायांबद्दल काही सांगता येतं, तेही काम नीट केलं तर. एका बाईबद्दल सांगता येत नाही. त्याच अर्पिताला एकदा लाडू देऊन आणि एकदा न देऊन बघता आलं असतं, तरच तुला हो किंवा नाही म्हणता आलं असतं. रक्त आठ असलेल्या बाईला लाडू पुरला नसता, तिला दवाखान्यातली औषधं लागत होती, एवढं मी खात्रीनं म्हणू शकते. त्यानं तुझं ओझं हलकं होत असेल तर होऊ दे. माझं मात्र त्यानंच वाढतं.

कारण तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. आधी सगळ्यांचं रक्त तपासा, मग जोड्या लावा. तसं केलं असतं तर जुलैमध्येच अर्पिताचं रक्त आमच्या माणसांनी तपासलं असतं. नंदाबाईंच्या तोंडचं अकरा कुणी लिहून घेतलं नसतं. आणि द्वारकासमोर द्वारकासारखीच बसली असती, तर तुला एकीचं काढून दुसरीला द्यावंसंही वाटलं नसतं, दोघी सारख्याच गरजू असत्या. मी मुदतीला घाबरले आणि सही केली.

बाकीच्या गावांच्या वह्याही मी पाहिल्या. सहापैकी चार गावांत हेच झालं आहे. कुठं दोन पाकिटं, कुठं चार. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी अशक्त बाई बघितली आणि चिठ्ठी फिरवली. तुम्ही चौघी एकमेकींना ओळखतही नाही. चार जणी एकाच जागी पडल्या, तर खड्डा रस्त्यातच होता.

मी सरांना सगळं सांगितलं. गावांची नावं द्यावी लागली. तुझं नाव मीच दिलं, मावशी. मला दुसरा रस्ता नव्हता. अहवालात मी एक परिच्छेद लिहिला होता, की बायांमधला फरक आधीच धरून आखणी केली नाही ही चूक आमची, आणि ती माझ्या हातून झाली. सरांनी तो काढला. आता तिथं 'क्षेत्रीय पातळीवरील अनियमितता' एवढंच आहे. लाडवानं फायदा होतो की नाही हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुन्हा विचारायला कुणी पैसे देणार नाही.

एक शेवटचं, तुला कळायलाच हवं म्हणून. अशा वेळी पुस्तकाचा नियम असा आहे की बाईला प्रत्यक्षात काय मिळालं ते बघायचं नाही, मूळ यादीत तिच्या नंबरला जे होतं त्या बाजूला मोजायचं. त्या नियमानं मी सगळं पुन्हा मोजलं, त्यातूनही लाडवाबद्दल काही ठरत नाही. कागदावर अर्पिता लाडवाच्या बाजूला आहे.

अक्षता


बोरखेडी
९ जून २०२४

चि. अक्षतास मावशीचा जय भीम.

काम गेलं. तालुक्याहून कागद आला, मी सही करून वही, पेटी आणि वजनकाटा देऊन टाकला. वाडीवरची एक पोरगी आता आशा आहे, हुशार आहे. तू नाव दिलंस याचा मला राग न्हाई. तुझे काका दोन दिवस बोलले न्हाईत, मंग बोलायला लागले.

काल मी नंदाबाईकडं गेल्ते. सांगायचंच होतं. उंबऱ्याच्या आत कधी बसले न्हवते, काल तिनं आत बोलावलं. बाळ पाळण्यात होतं, मोठी पोरगी अंगणवाडीत गेल्ती. हरिओम बागेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाफ लावून पाकीट उघडलं तिथपासून ते सुनेनं लाडू मागितला तिथपर्यंत. मला वाटलं, ती ओरडेल, चार माणसं गोळा करेल. मी त्याची तयारी करून गेल्ते.

ती पाळण्याची दोरी ओढत होती. म्हणली, "तिनं तुला मागितला?"

मी म्हणलं, "हो."

"मला न्हाई मागितला कधी. काहीच न्हाई मागितलं." मंग म्हणली, "तू दिले असते सात लाडू, तर ते या घरात माझ्या हातात आले असते. मी त्यातला एक तिला दिला असता का, ते मला ठाऊक न्हाई उषाबाई. हरिओमच्या ताटात वाढले असते बहुतेक. माझ्या सासूनं मला असंच ठेवलं होतं. मी वाचले, म्हणून मला वाटलं सगळ्याच वाचतात."

त्या बोलण्यानं मी सुटले असं वाटायला पाहिजे होतं. न्हाई वाटलं. ती खरं बोलली, का मला मोकळं करायला बोलली, हेही मला कळलं न्हाई. 

निघताना तिनं पोरीला उचलून माझ्या हातात दिलं. "तुझी नजर जुनी हाय. हिचं बराबर हाय का सांग." पोरगी गोरी आहे, आईसारखी. माझ्याकडं बघून हसली. मी तिला परत दिली आणि म्हणलं, "मी सांगणार न्हाई. काट्यावर घाला, आणि रक्त तपासा. कागद मला दाखवू नका, नवीन आशाला दाखवा."

नंदाबाईनं पायात चपला घातल्या. म्हणली, "मंग तू संगं चल." भर उन्हात आम्ही दोघी अंगणवाडीत गेलो. लोक बघत होते. नवीन पोरीनं बाळाला झोळीत घातलं आणि काटा थांबायची वाट बघितली. पाच महिने होत आले, चार किलो सातशे भरलं. कमी आहे. तिनं तसं तोंडावर सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. नंदाबाईनं तिला पुन्हा इचारलं, "किती पाहिजे होतं?" आणि पोरीनं सांगितलेला आकडा घरी जाईपर्यंत पुटपुटत राह्यली.

मावशी